मुलांच्या हाताला किती कळतं? स्पर्शाच्या तपासणीमागचा इतिहास

शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली की काय काय बघतात ते कोकणातल्या सगळ्या शिक्षकांना पाठ असतं. वजन, उंची, डोळे, कान, दात, अंगावरचे चट्टे, रक्त कमी आहे का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवातच आपल्याकडे पालघरला झाली, फेब्रुवारी २०१३ मध्ये, आणि त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ३० आजार-अडचणींची यादी ठरवलेली आहे. त्यात दिसणं आहे, ऐकणं आहे, हालचाल आहे, पण हाताला स्पर्श किती कळतो याचा वेगळा रकाना नाही. मी मुलांच्या हातांवर काम करणारी थेरपिस्ट आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची मुलं बघते, आणि हा रकाना का नाही हे समजून घ्यायचं तर ही तपासणी मुळात कोणासाठी आणि कशी तयार झाली ते बघावं लागतं, म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी एवढं सांगते की हे का महत्त्वाचं आहे. एका बाजूचा हात-पाय अधू असलेलं मूल, म्हणजे ज्याला हेमिप्लेजिया म्हणतात, ते त्या हाताने पेला धरतं, आणि नजर दुसरीकडे गेली की पेला पडतो. घरचे म्हणतात लक्ष नाही, बाई म्हणतात वेंधळा आहे. खरं म्हणजे पेला हातात आहे हे डोळे सांगत होते, हाताला ते कधी नीट कळलंच नव्हतं. हात हलतो म्हणजे हाताला कळतंय असं आपण धरून चालतो आणि ते दर वेळी खरं नसतं.

आता इतिहास. १८३४ साली जर्मनीत अर्न्स्ट हाइनरिख वेबर नावाच्या शास्त्रज्ञाने लॅटिनमध्ये स्पर्शावर ग्रंथ लिहिला. त्याचं साधन म्हणजे कर्कटक, आपल्या कंपासपेटीत असतं तेच. दोन टोकं एकाच वेळी कातडीवर टेकवायची आणि विचारायचं, एक लागतंय की दोन? टोकं जवळ आणत गेलं की एका अंतरानंतर दोनाचं एक वाटायला लागतं. बोटाच्या टोकाला हे अंतर साधारण २ मिलीमीटर आणि पाठीवर चक्क ४ सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे. अजूनही हाताच्या डॉक्टरांकडे हीच टेस्ट होते, मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकाला ६ मिलीमीटरच्या आत ओळखलं तर नॉर्मल धरतात.

मग १८९० च्या दशकात माक्स फॉन फ्राय आला. त्याने वेगवेगळ्या जाडीचे केस, त्यात घोड्याचेही, काडीला चिकटवले आणि कातडीवर उभे दाबले. केस वाकला की त्यापुढे कितीही दाबलं तरी जोर फारसा वाढत नाही, म्हणजे तपासणाऱ्याचा हात जड असो की हलका, कातडीला लागणारा जोर जवळपास ठरलेला राहतो. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते. १९०३ मध्ये तर इंग्लंडमध्ये हेन्री हेड या डॉक्टरने स्वतःच्याच हाताची नस (रक्तवाहिनी नव्हे, स्पर्शाची जाणीव मेंदूकडे नेणारी नर्व्ह) कापून घेतली आणि संवेदना परत कशी येते ते रिव्हर्स नावाच्या सहकाऱ्याबरोबर पुढची काही वर्षं तपासत बसला. का? तर पेशंटना नेमकं सांगता येत नाही, शिकलेल्या माणसाला आतून काय वाटतं ते नीट सांगता येईल म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मुलांच्या बाबतीत सगळी अडचण इथेच येते, ही सगळी शास्त्रं सांगणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून आहेत.

केसाची जागा नायलॉनच्या तारेने घेतली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मेंदूला जखम झालेल्या सैनिकांचा अभ्यास करताना जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टीन यांनी नायलॉनच्या तारांचा संच वापरला, १९६० मध्ये ते काम पुस्तकरूपात आलं आणि आज जगभर या तारांना त्यांचंच नाव आहे. तार कातडीवर उभी धरायची, वाकेपर्यंत दाबायची, दीडेक सेकंद ठेवायची आणि उचलायची. हाताला नॉर्मल समजली जाते ती बारीक तार जेमतेम ०.०७ ग्रॅम जोर देते, आणि संचातली सगळ्यात जाड ३०० ग्रॅम. यात कोकणासाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे जी बाहेरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. नायलॉन हवेतला ओलावा ओढतं आणि मऊ पडतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तीच तार मे महिन्यात कोरड्या एसी खोलीत द्यायची त्यापेक्षा कमी जोर देऊ शकते. मग मुलाला तार लागली नाही यात हात किती आणि पाऊस किती? म्हणून तारा कोरड्या डब्यात ठेवायच्या, आणि पावसात एका रीडिंगवर निकाल द्यायचा नाही, दुसरा चांगला हात असेल तर त्याच्याशीच तुलना करायची.

या तारा आपल्या भागात मुख्यतः आल्या त्या कुष्ठरोगाच्या कामातून, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. पॉल ब्रँड हा सर्जन भारतातच जन्मलेला, १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये होता. कुष्ठरोगाने बोटं झडतात असं सगळे धरून चालले होते, त्याने दाखवून दिलं की नस बधिर झाल्यामुळे चटका, जखम कळत नाही आणि त्या रोजच्या इजांनीच बोटं जातात. पुढे तो अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग केंद्रात गेला आणि तिथे ज्युडिथ बेल-क्रोटोस्की या थेरपिस्टने तारांच्या चाचणीला शिस्त लावली, कुठे टेकवायची, किती वेळा, नोंद कोणत्या रंगाने करायची. गावपातळीवर तर तारासुद्धा लागत नाहीत, साध्या बॉलपेनचं टोक हलकं टेकवून पेशंटला डोळे मिटून त्या जागी बोट ठेवायला सांगतात. गाव-वाडीत कुष्ठरोगाची शोधमोहीम येते तेव्हा चट्टा असलेल्या मुलांचीही अशीच तपासणी होते. म्हणजे मुलांचा स्पर्श तपासायची सवय आपल्या आरोग्य यंत्रणेला आहे, फक्त ती एका रोगापुरती बांधलेली राहिली.

मुलांकडे लक्ष जायला उशीर झाला. १९५४ मध्ये टिझार्ड, पेन आणि क्रोदर्स यांनी अमेरिकेत हेमिप्लेजियाच्या मुलांमधल्या संवेदनेच्या दोषांवर निबंध लिहिला आणि सांगितलं की या मुलांच्या हाताला नुसती ताकद कमी नाही, स्पर्शाची जाणही बऱ्याच जणांत कमी असते, त्यातही हातातली वस्तू न बघता ओळखणं आणि दोन टोकं वेगळी कळणं हे जास्त बिघडतं. पण हे तपासायचं कसं? चार वर्षांच्या मुलाला एक की दोन विचारलं की ते आलटून पालटून एक, दोन, एक, दोन म्हणत राहतं कारण त्याला तो खेळ वाटतो, किंवा तुमच्या चेहऱ्याकडे बघून तुम्हाला आवडेल ते सांगतं. म्हणून मध्येच न टेकवताच विचारायचं, लागलं का? हो म्हणालं तर त्या दिवशीची टेस्ट तिथेच थांबवायची. तारा आणि दोन टोकांची चाचणी साधारण सहा-सात वर्षांच्या पुढेच भरवशाची होते असा बहुतेकांचा अनुभव आहे, माझाही.

जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने (म्हणजे रोजची कामं करता यावीत म्हणून उपचार देणारी थेरपिस्ट) १९६० च्या दशकात यावर बरंच काम केलं. हात पडद्याआड, कुठल्या बोटाला हात लावला ते मुलाने दाखवायचं, हाताच्या मागच्या बाजूला काढलेला आकार बोटाने तसाच काढून दाखवायचा, हातात दिलेला आकार समोरच्या चित्रांत शोधायचा. बोलायची गरजच नाही, बोटानेच सगळं. १९८९ मध्ये आलेला तिचा मोठा चाचणीसंच ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण त्याचे आकडे अमेरिका-कॅनडातल्या मुलांवरून काढलेले, आणि संच महागडा. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं कॉलेज मुंबईत केईएमला कमला निंबकरांनी १९५० मध्ये सुरू केलं, तेव्हापासून माणसं तयार होतायत, पण त्यातली फार थोडी राजापूर, देवगड, श्रीवर्धनपर्यंत पोचतात.

आणि आता ती गोष्ट जी मला सगळ्यात जवळची आहे. मारिया मॉंटेसरीने १९०७ मध्ये रोमला बालगृह म्हणजे लहान मुलांची शाळा काढली तेव्हापासून ती मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून खरखरीत-गुळगुळीत ओळखायला, वस्तू चाचपून वेगळ्या करायला द्यायची. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो विचार आपल्या किनाऱ्यावर आणला, १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ बरोबर होत्याच. विकतची महाग साधनं गावात परवडणार नाहीत म्हणून त्यांनी बिया, शिंपले, दगड, पानं अशी आसपासची साधनं घेतली. त्यांचा हेतू शिकवण्याचा होता, तपासण्याचा नव्हता. पण हाताने ओळखण्याच्या तपासणीत सगळ्यात महत्त्वाचं काय असतं, तर वस्तू मुलाच्या रोजच्या ओळखीची पाहिजे, नाहीतर तुम्ही हात तपासत नसता, त्याची वस्तूंशी ओळख तपासत असता. परदेशी यादीतली लोणी लावायची सुरी वाडीतल्या मुलाने कधी हातात धरलेलीच नसते. सुपारी, काजूची बी, शिंपला, कोकमाची बी, गोटी, चमचा, चावी हे सगळं तो झोपेतही ओळखेल. म्हणून मला वाटतं कोकणातल्या मुलांसाठी खरा संच बोर्डीलाच तयार होत होता, पुढे कोणी तपासणीसाठी तो उचलला नाही एवढंच.

एक वेगळा रस्ता तो हाताच्या जखमांचा. कोयती लागून, काच घुसून मनगटाजवळची नस कापली जाते आणि मूल तीन वर्षांचं असेल तर विचारणार काय? १९५८ मध्ये स्वीडनच्या एरिक मोबर्गने सांगितलं की पेशंटच्या उत्तरावर विसंबू नका, बारीक वस्तू उचलून डब्यात टाकायला सांगा, आधी बघून मग डोळे बांधून, आणि कोणती बोटं वापरतोय ते बघा. न कळणारं बोट माणूस आपोआप बाजूला ठेवतो. १९७३ मध्ये ओरियन नावाच्या डॉक्टरने त्याहून साधी गोष्ट मांडली, कोमट पाण्यात अर्धा तास हात ठेवला की बोटांना सुरकुत्या पडतात, पण ज्या बोटाची नस तुटलीय ते गुळगुळीत राहतं. खाडीत डुंबून आलेल्या पोराची बोटं कशी होतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्याचं कारण पाणी मुरणं एवढंच नाही, नसांच्या हुकमाने आतल्या रक्तवाहिन्या आकसतात. मूल रडत असलं, बोलत नसलं तरी ही तपासणी होते. पण ही कापलेल्या नसेसाठीच. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडते त्यात, अडचण मेंदूत असते, नस शाबूत असते, त्यामुळे सुरकुत्या नेहमीसारख्या पडतात, आणि ते बघून हात ठीक आहे असं कोणी आईला सांगू नये. शिवाय सुरकुत्या पडल्या म्हणजे स्पर्श पूर्ण परत आला असंही होत नाही, त्या नसेतल्या वेगळ्या बारीक तंतूंचं काम दाखवतात.

हे सगळं एकत्र करून आज मी काय करते तर कापडी पिशवी आणि प्रत्येक वस्तूचे दोन नग. एक नग समोर ताटात. आधी सगळ्या वस्तू बघू द्यायच्या, हाताळू द्यायच्या, मग चांगला हात पिशवीत, म्हणजे खेळ काय आहे ते कळतं, मग अधू हात. नाव सांगायची सक्ती नाही, ताटातली तशीच वस्तू दाखवली तरी चालते. बोटं हलत नसतील तर वस्तू मी त्याच्या तळहातात फिरवते, नाहीतर ताकद नसल्याची शिक्षा स्पर्शाला होते. सुरुवातीला एकमेकांपासून लांबच्या वस्तू, चमचा आणि शिंपला, मग जवळच्या, नाणं आणि बटण, काजूची बी आणि चिंचोका. चार वर्षांपुढची बहुतेक मुलं हे करतात आणि वेळ फार लागत नाही.

हे शाळेच्या तपासणीत बसू शकतं. हात हलवण्यात अडचण दिसलेल्या मुलापुरतं केलं तरी खूप झालं, आणि शंका आली तर पुढे पाठवायला जिल्हा पातळीवरचं डीईआयसी केंद्र (मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातच ठरवलेलं आहे. तोपर्यंत घरी सांगायचं ते एवढंच, ज्या हाताला कळत नाही तो चुलीपासून आणि गरम भांड्यापासून जपा, आंघोळीचं पाणी आधी चांगल्या हाताने बघायला शिकवा, आणि पेला पडला म्हणून ओरडू नका.