सप्ताहाची पंगत

वारकरी संप्रदायाच्या अखंड हरिनाम सप्ताहात जमलेल्या भाविकांना दिले जाणारे सामुदायिक भोजन. सप्ताह सात दिवस चालतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व पुढे जागर असा दिवसाचा क्रम असतो. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसादाने सांगता होते. एरवी गावापुरती असलेली पंगत त्या दिवशी पंचक्रोशी लोटल्याने कैक पटींनी वाढते. काल्याला कोणते महाराज येणार, यावरूनच आचारी शिध्याचा अंदाज बांधतात आणि तो सहसा चुकत नाही.

खर्चासाठी वर्गणी व धान्य गोळा होते. एकेका दिवसाची पंगत एखादे कुटुंब किंवा भावकी उचलते. त्यांची नावे सप्ताहाच्या पत्रिकेवर ‘अन्नदाते’ म्हणून छापली जातात. कीर्तनकारांच्या खालोखाल गावात वाचला जातो तो हाच मजकूर.

जेवण प्रांताप्रमाणे बदलते. खानदेशात वरण-बट्टी, विदर्भात पुरी-भाजी, तर गोदाकाठी आमटी-भाकरी. गोड म्हणून लापशी, शिरा किंवा बुंदी असते. यांत आमटी-भाकरीची व्यवस्था विशेष पाहण्याजोगी आहे. हजारो माणसांच्या भाकऱ्या एका जागी थापणे कोणत्याही आचाऱ्याला शक्य नाही. म्हणून भाकरी घरोघरी होते. प्रत्येक घराला वाटा ठरवून दिलेला असतो. भाकऱ्या गोळा करून टेम्पो-ट्रॅक्टरने मंडपाकडे आणतात. थंड झालेली भाकरी आमटीत कुस्करली की चालून जाते. आमटी मात्र गरमच हवी आणि ती दूर नेणे अवघड, त्यामुळे ती मंडपाजवळच मोठमोठ्या कढयांत शिजते. स्वयंपाकाचा अवजड भाग असा शेकडो चुलींवर वाटला जातो. हे काम बहुतेक बायकांचे. पत्रिकेवर मात्र त्यांची नावे क्वचितच दिसतात.

या पद्धतीचे सर्वांत मोठे रूप सराला बेटाच्या गंगागिरी महाराज सप्ताहात दिसते. गोदावरीतील या बेटाच्या परंपरेचा सप्ताह श्रावणात, दरवर्षी वेगळ्या गावी भरतो. 2024 मध्ये तो सिन्नर तालुक्यातील पंचाळे येथे झाला. दीडशेहून अधिक वर्षांच्या या सप्ताहात लाखो लोक जेवतात आणि त्यांच्यासाठी आसपासच्या गावांतून भाकरी येते.

वाढण्याचे काम गावातील तरुण करतात. पत्रावळी मांडून झाल्यावर ‘वदनी कवळ घेता’ हा श्लोक आणि मग ‘पुंडलिक वरदे हरी विठ्ठल’ असा गजर होतो. त्याआधी कोणी घास घेत नाही. सगळ्या जातींनी एका रांगेत बसणे आज गृहीत धरले जाते, पण पंगतिभेद हे गावगाड्याचे जुने वास्तव होते. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्याबद्दल संत एकनाथांना पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष पत्करावा लागला, अशी परंपरागत कथा आहे.

सप्ताहात एकादशी आली की भाकरी बंद होते आणि भगर, शेंगदाण्याची आमटी किंवा साबुदाण्याची खिचडी करतात. पंगतीतला सर्वांत जोखमीचा दिवस हाच. दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचे विष शिजवूनही पुरते जात नाही. शिवाय सगळे अन्न एकाच ठिकाणी तयार होत असल्याने खराब मालाची एक खेप अख्ख्या गावाला बाधते. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे सप्ताहातील उपवासाच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्याने झाडांना दोर बांधून सलाइन लटकवावे लागले. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातील कोष्टवाडी येथे एका यात्रेतील प्रसादाने आजारी पडलेल्यांची संख्या हजारांत होती. सुटी भगर किंवा तिचे तयार पीठ घेऊ नये, पाकीटबंद भगर मुदत पाहून घ्यावी आणि शिजवलेली भगर फार वेळ ठेवू नये, असे अन्न व औषध प्रशासन सणासुदीला बजावत असते.