डाव इंजिनाचा की यंत्राचा?

मालवणात माझ्या बुद्धिबळाच्या वर्गातल्या दोन मुलांनी मे महिन्याच्या सुट्टीत आपापली इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम, एकमेकांशी भिडवली. एकाकडे मुंबईच्या काकांनी दिलेला गेमिंग लॅपटॉप, दुसऱ्याकडे घरचा जुना डेस्कटॉप. दोन्हीकडे स्टॉकफिश हेच इंजिन, आवृत्तीही एकच. वीस डावांत डेस्कटॉपला एकही विजय नाही. हरलेला मुलगा रापणवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने जाळं ओढणाऱ्यांच्या घरातला. म्हणाला, "सर, ही तर पर्ससीनच्या यांत्रिक बोटीसमोर रापण झाली."

त्याची तक्रार संगणक बुद्धिबळाइतकीच जुनी आहे. 1974 साली स्टॉकहोमला पहिली जागतिक स्पर्धा जिंकणारा सोव्हिएत प्रोग्राम 'काइसा' मॉस्कोतल्या संगणकावर चालत होता, खेळ्या फोनवरून कळत. ज्याला जो संगणक मिळेल तो त्याचा. 1980 ला लिंझमध्ये जिंकलेलं 'बेल' तर बुद्धिबळासाठीच बांधलेलं यंत्र, सेकंदाला पटाच्या सुमारे 1,60,000 स्थिती तपासणारं. बेलचे एक कर्ते केन थॉम्पसन यांनी त्याचीच कमी-अधिक खोल, म्हणजे कमी-अधिक खेळ्या पुढचं पाहणारी रूपं आपसांत खेळवली, तेव्हा कमी खोलीवर एकेका पायरीमागे सुमारे 200 रेटिंगचा फरक पडला. खोल पाहायला वेग लागतो, म्हणजे वेग हीच ताकद. 1980 लाच लंडनला छोट्या संगणकांची वेगळी जागतिक स्पर्धा सुरू झाली. कबड्डीतल्या वजनी गटासारखीच ही सोय, आणि मला ती योग्य वाटते.

अपवादही घडला. 1995 ला हाँगकाँगमध्ये 90 मेगाहर्ट्झच्या साध्या पेंटियमवर चालणाऱ्या 'फ्रिट्झ'ने आयबीएमच्या 'डीप ब्लू'च्या पूर्वरूपाला हरवलं आणि विजेतेपदही घेतलं. पण एका अपवादावर नियम बेतता येत नाही. 2008 ला बीजिंगमध्ये 'रिब्का' हा प्रोग्राम 40 कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र हिशेब करणारा भाग) संचावर जिंकला. पुढच्या वर्षी पाम्प्लोनाला आयोजकांनी कमाल 8 कोअरची मर्यादा घातली. आपल्या किनाऱ्यावर 2016 च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, तसाच हा बांध. त्यावरून वाद झाला. तरीही रिब्काच जिंकला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: मर्यादेमुळे त्या विजयाचं श्रेय जास्त कोअरना देता येईना. (2011 मध्ये नक्कल केल्याच्या आरोपावरून रिब्काची विजेतेपदं काढून घेतली गेली, तो वाद वेगळा.)

सगळ्यांना एकच यंत्र, हे उत्तर टीसीईसी या इंजिनांच्या ऑनलाइन स्पर्धेने 2010 पासून दिलं. ते पुरेसं वाटत असतानाच डिसेंबर 2017 मध्ये स्वतःशीच खेळून शिकलेल्या 'अल्फाझीरो' या प्रोग्रामने स्टॉकफिशविरुद्ध 100 डावांत 28 जिंकले, 72 बरोबरीत सोडवले. त्याच्याकडे गूगलचे चार टीपीयू (अशाच प्रोग्रामसाठी बनवलेल्या खास चिप), स्टॉकफिशकडे 64 थ्रेड (एकाच वेळी चालणारे हिशेब) पण हॅश (तपासलेल्या स्थिती साठवायची जागा) जेमतेम 1 जीबी. मग त्याच पद्धतीने शिकलेली 'लीला' आली, पूर्ण ताकदीने खेळायला तिला ग्राफिक्स कार्ड लागतं. किती कोअर म्हणजे एक कार्ड? किमतीवर मोजायचं की विजेच्या वापरावर? यंत्रंच दोन जातींची झाली की समानता मोजून मिळत नाही, ती डावाआधी उघडपणे ठरवावी लागते आणि निकालाशेजारी छापावी लागते.

आमची मुलं आता दोन्ही इंजिनं एकाच डेस्कटॉपवर खेळवणार आहेत. प्रत्येकाला एक कोअर, आणि प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणं बंद. फक्त लॅपटॉपवाल्याला यंदा लीला खेळवायची आहे, आणि डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही.