फूल गुन्ह्यात, पान मोकळं : गांजाबंदीच्या वादाची पार्श्वभूमी

गांजावरची बंदी उठवावी का, असा विषय निघाला की एक बाजू महाशिवरात्रीचा दाखला देते, तर दुसरी पंजाबचा. पंजाबातलं दुखणं मुख्यतः अफू-हेरॉईनचं, पण चर्चेत सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. आजचा कायदा मात्र या दोन्हींतून आलेला नाही.

ब्रिटिशांनी १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेवर आयोग नेमून हजारावर साक्षी नोंदवल्या. बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, बंदी नको, परवाने द्या आणि कर लावा, असं आयोगाने सुचवलं. महसुलाची गोडी त्यामागे नव्हती असं नाही. पण परवान्याची ती व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही बऱ्याच राज्यांत चालू राहिली.

मग आला अमली पदार्थांवरचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार. गांजाच्या झाडाची पानं व्याख्येबाहेर राहिल्याने त्यांपासून होणारी भांग वाचली. गांजा-चरसाचं बिगर-औषधी सेवन थांबवायला भारतासारख्या देशांना २५ वर्षांची सवलत मिळाली, ती १९८९ अखेर संपणार होती. त्याआधी चार वर्षं, १९८५ मध्ये, अमली पदार्थविरोधी कायदा संसदेत मांडला गेला आणि काही दिवसांतच मंजूरही झाला. (महाराष्ट्रात भांगेवरही १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहेच.)

खरा गुंता या कायद्यातल्या व्याख्येत आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजात मोडत नाहीत. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. एक किलोच्या आत ‘अल्प’, वीस किलोच्या वर ‘व्यावसायिक’ प्रमाण. अल्पला आज वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. व्यावसायिकला किमान १० वर्षं, आणि खटला संपेपर्यंत जामीन मिळणं महाकठीण. आता तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत लावलेली झाडं पोलिसांनी मुळासकट उपटली, तर काट्यावर नेमकं काय ठेवायचं? खोड, फांद्या, ओली पानं, शेंडे असा सगळा भारा तोलला तर वीस किलोला कितीसा वेळ लागतो! नुसते शेंडे खुडून तोलले तर तोच आरोपी दोन पायऱ्या खाली येतो. शेंडे वेगळे केलेच नव्हते, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन दिला आहे. सरकारी वकिलांचं म्हणणंही अगदीच पोकळ नाही. पानं शेंड्यांसोबतच सापडली, मग ती वगळायची कशी? त्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मिश्रणातल्या निरुपद्रवी पदार्थाचं वजनही धरायचं. पण झाडाच्या खोडाला ‘मिश्रण’ म्हणायचं का? समर्थकांच्या सभांमध्ये या काट्याबद्दल क्वचितच ऐकू येतं. तुरुंगात बसलेल्या शेतमजुराचं मात्र सगळं त्यावरच अडलेलं असतं.

राजकीय पातळीवर हालचाल गेल्या दहा-पंधरा वर्षांतली. काही अमली पदार्थांचा मोठ्या प्रमाणातला गुन्हा दुसऱ्यांदा केल्यास सक्तीची फाशी ही तरतूद २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. २०१४ च्या दुरुस्तीने फाशी ऐच्छिक झाली. पुढे पंजाबच्या एका खासदाराने गांजा, अफूसारखे नैसर्गिक पदार्थ कडक कायद्यातून सोडवण्यासाठी खासगी विधेयक आणलं, त्याचं पुढे काही झालं नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी लोक आढळले. त्यांतले बहुतेक भांगवाले, म्हणजे कायद्याच्या या बाजूचे.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताने बाजूने मत दिलं. देशातला कायदा तसूभर हलला नाही. हलतंय ते राज्यांत. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठी नशाद्रव्य अत्यल्प असलेल्या जातीच्या लागवडीचा परवाना दिला, हिमाचल विधानसभेने २०२४ मध्ये लागवडीच्या बाजूने ठराव केला. गोव्यात २०२० च्या त्याच डिसेंबरात औषधी गांजाच्या मर्यादित लागवडीचा प्रस्ताव विधी खात्याने तपासून पुढे धाडला होता. कायदा बदलायची गरजच नव्हती, कारण १९८५ च्या कायद्याचं दहावं कलम राज्यांना अशी परवानगी देऊ देतं. चहूबाजूंनी ओरड झाली आणि प्रस्ताव बारगळला.