घंटी वाजण्याआधी अडकणारा कॉल

पावसाळ्यात वेदगंगा-दूधगंगेला पाणी चढलं की निपाणी-चिक्कोडी भागातले सखल पूल आणि बंधारे पाण्याखाली जातात. मग 'रस्ता चालू आहे का' असं विचारणारे फोन एकदमच सुरू होतात. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुराचा अनुभव तर ताजाच आहे. समजा, अशा वेळेसाठी बेळगावात एक मदतक्रमांक आहे. कॉल आला की तिथला सर्व्हर आधी एका वेब सेवेला विचारतो: हा नंबर कुठल्या तालुक्यात नोंदलेला आहे, कॉल मराठी बोलणाऱ्याकडे द्यायचा की कन्नड? उत्तर मिळाल्यावरच पलीकडे घंटी वाजते.

आवाजाचा अजून पत्ताच नसतो. चाललेलं असतं ते सिग्नलिंग, म्हणजे कॉल जोडण्याची बोलणी. ती बहुतेक ठिकाणी एसआयपी नावाच्या नियमांनी होते. कामाइलिओसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे काम ठरावीक संख्येच्या प्रोसेस, म्हणजे एका वेळी एकच निरोप हाताळणारे कामगार, करतात. त्या आठ असतील आणि प्रत्येकजण उत्तराची वाट बघत थांबत असेल, तर वेब सेवा 50 मिलिसेकंदांत बोलते तोवर सेकंदाला 160 कॉल मार्गी लागतात. पुराच्या दिवशी तीच सेवा 2 सेकंद घेऊ लागली की सेकंदाला चारच! प्रोसेसर जवळपास रिकामा असतो, त्यामुळे आणखी ताकदीचं मशीन आणूनही काही फरक पडत नाही.

खरा घात पुढे होतो. यूडीपीवरून, म्हणजे निरोप पोचल्याची खात्री न देणाऱ्या पद्धतीने, पाठवलेल्या कॉलच्या विनंतीला काहीच उत्तर आलं नाही, तर पाठवणारी बाजू अर्ध्या सेकंदाने ती पुन्हा पाठवते, मग 1, 2, 4 सेकंदांनी, असं अंतर दुप्पट करत. 32 सेकंदांत एकाच कॉलच्या सात विनंत्या येऊन पडतात. आधीच तुंबलेल्या रांगेत ही भर.

यावर उपाय म्हणजे असिंक्रोनस पद्धत, म्हणजे उत्तराची वाट बघत न थांबणं. तीत प्रोसेस खोळंबत नाही. ती 'प्रयत्न सुरू आहे' असं लगेच कळवते, त्याने पुन्हा पाठवणं थांबतं. मग कॉलची स्थिती मेमरीत ठेवून ती पुढचा निरोप हाती घेते. वेब सेवेचं उत्तर आलं की तो कॉल तिथूनच पुढे चालू होतो.

पण यामुळे एकही कॉल लवकर लागत नाही. 2 सेकंद ते 2 सेकंदच. उलट स्थिती ठेवण्या-उचलण्याचा थोडा वेळ वाढतोच. म्हणून वेब सेवा शेजारच्याच मशीनवर असून पटकन उत्तर देत असेल, तर हा खटाटोप करू नये. शिवाय सेकंदाला 100 कॉल आणि उत्तराला 10 सेकंद, म्हणजे 1000 कॉल एकाच वेळी मेमरीत लटकलेले. वर, पूर्वी आठ प्रोसेसमुळे वेब सेवेवर आपोआप मर्यादा होती, तीही जाते. आधीच दमलेल्या सेवेवर शेकडो प्रश्न एकदम आदळतात. एकाच वेळी किती प्रश्न बाहेर जाऊ द्यायचे, हे आपणच बांधून द्यावं लागतं. मधल्या वेळेत कंटाळून कुणी फोन ठेवला असेल, तर तेही पुढे जाण्याआधी तपासावं लागतं.

माझं स्पष्ट मत आहे की पुराच्या मदतक्रमांकाने ऐन वेळी दुसऱ्यावर अवलंबून राहूच नये. नंबर आणि भाषेची यादी आधीच सर्व्हरच्या मेमरीत भरून ठेवावी आणि यादीत नसलेल्या नंबरांपुरतंच वेब सेवेला विचारावं, तेही असिंक्रोनस. अर्ध्या सेकंदात उत्तर आलं नाही तर जो मोकळा असेल त्याला कॉल द्यावा. मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणारी माणसं बेळगावात फोनवर बसवणं मुळीच अवघड नाही.