ट्यूनर हिरवा, तरी कॉर्ड का थरथरते?

गिटार ‘ओपन जी’मध्ये लावायची कृती सोपी आहे. पहिली आणि सहावी तार ईवरून डीवर उतरवायची, पाचवी एवरून जीवर, आणि उरलेल्या तिघींना हात लावायचा नाही. आता एकही बोट न दाबता सगळ्या तारा छेडल्या की जी मेजर कॉर्ड वाजते. तक्रार येते ती यानंतर. अ‍ॅपवर सहाही तारांना हिरवा दिवा लागलेला असतो आणि कॉर्ड मात्र थरथरत असते. मग कुणी गिटारला नावं ठेवतं, कुणी तारांना.

एक कारण यांत्रिक आहे, ते पटकन उरकू. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६मध्ये हा नियम छापला. ईवरून डी, एवरून जी असं एक अख्खं पाऊल खाली उतरलं की कंपनसंख्या ११ टक्क्यांनी घटते, पण ताण २० टक्क्यांनी. अ‍ॅकॉस्टिक गिटारवर लाइट (बारीक) तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या वर असतो. तीन तारा उतरवल्या की त्यातले सुमारे ७ किलो कमी होतात, वाकलेली दांडी किंचित सरळ होते आणि ज्यांना हात लावला नव्हता त्या तारा आपोआप चढतात. म्हणून दुसरा फेरा मारावाच लागतो. तोही स्वराच्या थोडं खाली जाऊन वर चढवत. वरून खाली आणलेली तार नटच्या (दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकून राहते आणि पाच मिनिटांनी दगा देते.

एवढं करूनही थरथर उरते, आणि खरी गंमत इथून पुढे आहे.

कुठलीही तार एकच स्वर देत नाही. पाचवी तार जीला, म्हणजे ९८ हर्ट्झला लावली की तिच्यात १९६, २९४, ३९२, ४९० असे पटीतले स्वरही वाजत असतात. यातला पाचवा, ४९० हर्ट्झचा, म्हणजे जीचा गंधार. तंबोरा ऐकणाऱ्यांना तो ओळखीचा आहे: गंधाराची तार नसतानाही खर्जातून जो ‘स्वयंभू गंधार’ उमटतो, तो हाच. गिटारवर मात्र गंधाराची स्वतंत्र तार आहे, दुसरी, बीची. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतो आणि त्या हिशोबाने तिला २४६.९४ हर्ट्झवर बसवतो. तिची दुप्पट ४९३.८८. एकीकडे ४९०, दुसरीकडे ४९३.८८, फरक जवळजवळ ४. दोन जवळचे स्वर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतक्या वेळा आवाज दर सेकंदाला वाढतो-घटतो. याला बीट्स म्हणतात, आणि आपली थरथर ती हीच. चौथ्या तारेच्या डीचा, म्हणजे जीच्या पंचमाचा, हाच हिशोब केला तर २९४ आणि २९३.६६, म्हणजे तीन सेकंदांत एखादा बीट. तो कुणाच्या लक्षातही येत नाही. दोष पंचमाचा नाही, गंधाराचा आहे.

हे हातानेही तपासता येतं. पाचव्या तारेवर चौथ्या फ्रेटपाशी बोट न दाबता नुसतं टेकवा आणि तार छेडा. बरोबर फ्रेटच्या पट्टीवर स्वर नीट फुटत नाही. बोट नटच्या दिशेने जरासं सरकवलं की घंटेसारखा खणखणीत येतो. तो बिंदू तारेच्या लांबीच्या एक पंचमांशावर आहे. ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर हा बिंदू आणि फ्रेट यांच्यात सुमारे ४ मिलिमीटरचं अंतर पडतं. ट्यूनरचा गंधार आणि निसर्गाचा गंधार यांतली तफावत इथे फूटपट्टीने मोजता येते! आता दुसऱ्या तारेचा स्वर बाराव्या फ्रेटवर तसाच काढा, दोन्ही एकत्र वाजू द्या आणि दुसरीची खुंटी हळूहळू सैल करा. थरथर मंदावते, लांबते, थांबते. तार २४५ हर्ट्झवर आलेली असते. अ‍ॅप तिला १४ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाच्या बारा भागांपैकी एकाचा शंभरावा अंश) उतरलेली म्हणून लाल ठरवेल. ठरवू द्या.

एचा स्वर ‘४४०ऐवजी ४३२’ हर्ट्झ धरून सगळी गिटार लावा, ती विश्वाची कंपनसंख्या आहे, असं सांगणारे व्हिडिओ खूप फिरतात. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवला. विश्वाला त्याचं काय? शिवाय सगळ्या तारा सारख्याच प्रमाणात उतरल्या तर गुणोत्तरं तीच राहतात, थरथरही राहते.

स्लाइड, म्हणजे तारांवर दांडा सरकवून, वाजवणाऱ्यांना ही दुरुस्ती फार सोयीची. दांडा सगळ्या तारांवर सरळ सरकतो, त्यामुळे जुळवलेली गुणोत्तरं प्रत्येक जागी तशीच टिकतात. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी रागसंगीतासाठी गिटार घेतली ती याच पद्धतीने वाजवायची, यात नवल नाही. बोटांनी फ्रेट दाबणाऱ्यांना मात्र किंमत मोजावी लागते. दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा सी आता तोच १४ सेंट उतरलेला येतो, आणि जीशी त्याचं नातं मध्यमाचं असल्याने ते लगेच कानाला खुपतं. सगळ्या तारांवर आडवं बोट टाकून वाजवणार असाल तर पूर्ण १४ उतरवा. सुट्या सुरांची धून मध्येमध्ये येणार असेल तर सात-आठ सेंटवर थांबा. थोडी थरथर इकडे राहील, थोडा बेसूर तिकडे.