गॅस इंजिन की वीजमोटार: पुण्यातल्या हिशेबाची पार्श्वभूमी

भोसरी-पिंपरी पट्ट्यात कॉम्प्रेसर किंवा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) कशावर चालवायचा, हा प्रश्न आधी खर्चाचा नव्हताच. वीज असण्या-नसण्याचा होता. २००६ मध्ये राज्यभर लोडशेडिंग असताना इथल्या कारखान्यांनी स्वतःचे डिझेल जनरेटर चालवून ग्रीडवरचा भार हलका केला आणि शहराची त्यातून सुटका झाली. पुण्यात पाइपने गॅस पुरवणारी एमएनजीएल (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड) स्थापन झाली तीही त्याच वर्षी. पुढे पाइपचा गॅस दारात आला, तेव्हा त्याची तुलना झाली डिझेलशी. अर्थातच तो स्वस्त वाटला. वीज सुधारल्यावर समोर मोटार उभी राहिली, आणि गणित फिरलं.

समजा, शाफ्टवर, म्हणजे यंत्र फिरवायला, १०० किलोवॉट हवेत. ९५ टक्के कार्यक्षमतेची मोटार तासाला १०५ युनिट घेते. ३६ टक्क्यांचं इंजिन तेवढ्याच कामाला २८ घनमीटरच्या आसपास गॅस जाळतं. सगळे आकार धरून वीज ९ रुपयांना पडत असेल आणि इंजिनाची देखभाल युनिटमागे १ रुपया धरली, तर गॅस ३० रुपयांच्या आत मिळाला तरच इंजिन परवडतं. इंजिन थंड करणाऱ्या जॅकेटच्या पाण्याची आणि एक्झॉस्टची उष्णता वापरली, तर मात्र बॉयलरचा १३ घनमीटर गॅस वाचतो आणि हीच मर्यादा ५६ रुपयांवर जाते. म्हणजे निकाल लागतो तो गरम पाण्याच्या गरजेवर. डेअरीला ते रोज लागतं, नुसत्या मशीन शॉपला नाही.

देखभालीत सगळ्यात आधी दगा देतो स्पार्क प्लग. गॅप झिजून वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, प्लगची वायर (लीड) आणि कॉइल तापतात, मिसफायर सुरू होतं आणि न जळलेला गॅस सायलेन्सरकडे जातो. गॅसचं बिल वाढतं, लोड तेवढाच. ऑइल कमी राखेचंच लागतं. डिझेल इंजिनाचं उरलेलं ऑइल ओतून केलेली बचत व्हॉल्व्हवर आणि पिस्टनच्या माथ्यावर साचते.

२०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर एलएनजीचा, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचा, भाव भडकला. राज्याने १ एप्रिलपासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला होता, पण त्या भाववाढीपुढे तो दिलासा तोकडाच. शिवाय गॅस जीएसटीबाहेर, त्यामुळे त्यावरच्या व्हॅटचं क्रेडिट जीएसटीत धरता येत नाही.

मोटारीकडेही २०२० पासून एक फरक पडला: एचटी (उच्चदाब) ग्राहकांचं बिल केव्हीएएच वर आलं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा) कमी असेल तर जास्त भरणाऱ्या मापावर. अर्ध्या लोडवर फिरणारी, पॉवर फॅक्टर पाडणारी मोटार आता थेट बिलात दिसते. इंजिनाला स्टँडबाय म्हणून मोटार ठेवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. इंजिन महिन्यात एकदाच ट्रिप झालं, तरी त्या वेळी उचललेल्या कमाल मागणीवर पूर्ण महिन्याचा डिमांड चार्ज लागू शकतो.