पटकथालेखन स्पर्धेतील करारनामे

पटकथालेखन स्पर्धेसाठी प्रवेशिका पाठवताना लेखक आणि आयोजक यांच्यात होणारा करार. बहुतेक वेळा तो करार म्हणून समोर येतच नाही. ‘नियम व अटी मान्य आहेत’ या चौकटीत टिचकी मारून प्रवेशशुल्क भरले की तो झालेला असतो. ‘सही केली नाही, म्हणजे बांधला गेलो नाही’ ही समजूत खरी नाही. इलेक्ट्रॉनिक संमतीला बहुतेक देशांत मान्यता असून अमेरिका आणि भारत या दोन्ही देशांत त्यासंबंधीचे कायदे २००० सालचे आहेत.

या व्यवहारात सहसा तीन कागद येतात : सर्व स्पर्धकांना लागू असणारे नियम, संहितेसोबत द्यायचा रिलीज फॉर्म (आयोजकांवर ठरावीक दावे न करण्याची लेखी कबुली) आणि निकालानंतर फक्त विजेत्याशी होणारा करार. वाचताना पहिला प्रश्न एकच ठेवावा : हक्क कोणत्या टप्प्यावर हातचे जातात? नीट चालवलेल्या स्पर्धेत प्रवेशाच्या वेळी आयोजकांना संहिता वाचण्याची, तिच्या प्रती परीक्षकांना देण्याची आणि निकालात लेखकाचे नाव, शीर्षक व लॉगलाइन (कथेचा एक-दोन वाक्यांतला सारांश) छापण्याची परवानगी मिळते. बाकीचे विजेत्याच्या करारात येते. गोची होते ती विजेत्यासाठीची कलमे नियमांतच घुसडली जातात तेव्हा. मग पहिल्याच फेरीत बाद झालेल्या पटकथेवरही आयोजकांचा हक्क राहतो, आणि बदल्यात लेखकाच्या पदरात काहीच पडलेले नसते.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे अॅमेझॉन स्टुडिओजची २०१० मधील योजना. संहिता अपलोड करताच कंपनीला तिच्यावर १८ महिन्यांचा एकाधिकार ऑप्शन (ठरलेल्या मुदतीत पटकथा विकत घेण्याचा राखीव हक्क) फुकट मिळत असे आणि १०,००० डॉलर देऊन तो आणखी १८ महिने वाढवता येई. म्हणजे पारितोषिक मिळो न मिळो, पटकथा तीन वर्षे अडकू शकत होती. व्यावसायिक लेखकांनी कडाडून टीका केली आणि पुढे या अटी सौम्य करण्यात आल्या.

धोक्याचे कलम साधारण असे दिसते : ‘प्रवेशिका सादर करून स्पर्धक आयोजकांना सदर संहितेचे जगभरातील, सर्व माध्यमांतील, कायमस्वरूपी व अपरिवर्तनीय हक्क कोणत्याही अतिरिक्त मोबदल्याशिवाय देत आहे.’ यातला प्रत्येक शब्द सुटा करून वाचावा. ‘सर्व माध्यमांतील’ म्हटले की वेबमालिका, कादंबरी, नाटक, गेम सगळे आले. ‘अपरिवर्तनीय’ असल्याने प्रवेशिका मागे घेतली तरी हक्क परत येत नाहीत. ‘हक्क देत आहे’ हे शब्द तर मुद्दाम संदिग्ध असतात : हे हस्तांतरण की परवाना? हस्तांतरणात मालकीच जाते. साध्या परवान्यात मालकी लेखकाकडे राहते, पण तो एकाधिकार स्वरूपाचा असेल तर मुदत संपेपर्यंत तेच काम दुसऱ्याला देता येत नाही.

कलमात जे लिहिलेले नाही त्याचा अर्थ देशागणिक बदलतो. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरातील’ हे शब्द आवर्जून घातलेले असतात ते या तरतुदी टाळण्यासाठीच. म्हणून वाद कोणत्या देशाच्या कायद्याने आणि कोणत्या शहरात चालेल हे शेवटच्या पानावरचे कलम वगळून चालत नाही. परदेशातील लवाद लिहिला असेल, तर तिथे दाद मागण्याचा खर्च पारितोषिकाहून जास्त होऊ शकतो.

रिलीज फॉर्ममधील ‘आमच्याकडे अशीच कल्पना आधीपासून असू शकते’ हे वाक्य वाचून नवखे लेखक दचकतात. वाक्य तसे नेहमीचे आहे. निव्वळ कल्पनेला कॉपीराइट नसतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली हेच सांगितले. परंतु कॅलिफोर्नियात डेस्नी विरुद्ध वाइल्डर या १९५६ च्या निकालाने, मोबदल्याच्या अपेक्षेने सांगितलेली आणि त्या समजुतीने ऐकून घेतलेली कल्पना वापरल्यास गर्भित करार (शब्दांत न ठरलेला, पण वागण्यातून दिसणारा) मानता येतो, असे ठरवले. असे दावे टाळण्यासाठी चित्रसंस्था रिलीज मागतात. कल्पनेच्या साम्याबद्दल दावा न करण्याचे कबूल करणे व्यवहार्य आहे. संहितेतील प्रसंग आणि संवाद जसेच्या तसे उचलले तरी दावा करणार नाही, असे लिहून देणे नव्हे.

लेखकाकडून घेतली जाणारी हमी लोक भराभर वाचून पुढे जातात. ‘संहिता स्वतंत्र असून कोणाच्याही हक्कांचा भंग करत नाही’ या वाक्यात सहलेखकाची लेखी संमती, मूळ कथेचे रूपांतर हक्क आणि जिवंत व्यक्तीवर बेतलेल्या पात्रामुळे उद्भवणारा बदनामीचा प्रश्न हे सगळे येते. तिला जोडून नुकसानभरपाईचे कलम असते : दावा झाला तर आयोजकांचा वकिलाचा खर्चही लेखकाने द्यायचा. ही जबाबदारी सिद्ध झालेल्या हमीभंगापुरती असेल तर ठीक. ‘कोणत्याही दाव्यापोटी’ असे असेल तर निराधार दाव्याचा खर्चही लेखकाच्याच माथी येतो.

विजेत्याच्या करारात ऑप्शनची मुदत कधी सुरू होते ते पाहावे. ‘निकालापासून १२ महिने’ असे असेल आणि निकाल लांबणीवर टाकण्याची मुभा आयोजकांना असेल, तर ती मुदत प्रत्यक्षात बेमुदत ठरते. खरेदीची रक्कम, मुदतवाढीचे शुल्क, श्रेय आणि मुदतीत चित्रपट न झाल्यास हक्क परत येण्याची तारीख हे चारही आकड्यांत आणि शब्दांत हवे. पारितोषिकाची रक्कम पुढे मानधनातून वजा होणार का, हेही. प्रथम वाटाघाटीचा हक्क, म्हणजे आधी आयोजकांशी बोलणी करण्याची अट, फारसा जाचक नसतो. मात्र इतरांच्या देकाराशी बरोबरी करण्याचा हक्क आयोजकांकडे असला तर दुसरा निर्माता बोलणीच करत नाही. आपण घासाघीस करायची आणि माल तिसऱ्याने न्यायचा, हे कोणाला परवडेल?

एकच पटकथा चार ठिकाणी पाठवणाऱ्याची अडचण पुढे उघडी पडते. निर्माता खरेदीपूर्वी हक्कांची साखळी (हक्क कोणाकडून कोणाकडे गेले) तपासतो आणि दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या स्पर्धेचा न संपलेला परवाना सापडला की व्यवहार थांबतो. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच नियमांची तारखेसह पीडीएफ प्रत, पावती आणि पाठवलेला नेमका ड्राफ्ट एकत्र जपावा. ‘नेहमीचे प्रश्न’ या पानावर ‘हक्क तुमचेच राहतात’ असे म्हटलेले असते, पण नियम वेगळे बोलत असतील तर सहसा नियमच चालतात. विसंगती दिसली तर प्रवेशापूर्वी ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.

संहितेवरील कॉपीराइट लिहिताक्षणीच निर्माण होतो. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातील देशांत त्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. भारतात नोंदणी प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरली जाते. अमेरिकेत मात्र तिथल्या कृतीबाबत नोंदणीशिवाय दावाच दाखल करता येत नाही. लेखक संघटनेकडील नोंद त्या त्या तारखेला मजकूर अस्तित्वात होता एवढेच दाखवते. अमेरिकेतील रायटर्स गिल्ड या लेखक संघटनेच्या पश्चिम शाखेकडील नोंद पाच वर्षे टिकते व नंतर नूतनीकरण करावे लागते. स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवून ते न उघडता ठेवण्याची युक्ती नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.